लॅपटॉपची मेमरी कोठें जाते?

घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव केव्हां ना केव्हां येतोच. महिनाअखेर वही पुढें घ्यावी, किराणा, दूध, भाडें, मुलांची फी असे सारे आंकडे मांडावे, बेरीज करावी, आणि पाहावें तों हातांतून गेलेली रक्कम बेरजेहून पुष्कळच अधिक! मग घरांत कुजबूज सुरू होते. कोणी मुलाकडे संशयानें पाहतो, कोणी मोलकरणीकडे. आणि शेवटीं पुष्कळदां असें निघतें कीं, पैसे कोणीं चोरलेले नसतात. ज्या पानावर तो खर्च पडला होता तें पानच आपण उलटून पाहिलेलें नसतें.

आज ज्या गोष्टीविषयीं मी बोलणार आहें ती पैशाची नाहीं, लॅपटॉपच्या मेमरीची आहे. परंतु तिचें स्वरूप अगदीं असेंच आहे. कोणताही मोठा प्रोग्राम चालू नसतांना मेमरी भरलेली दिसते, यंत्र रखडूं लागतें, आणि ती मेमरी कोणीं घेतली याचा पत्ता लागत नाहीं. अशा वेळीं शोध कसा करावा, हें एका घडलेल्या प्रसंगाच्या आधारें सांगण्याचा माझा विचार आहे. त्या प्रसंगीं आरंभीं मीं स्वतः चूकच केली होती. तेव्हां ती हकीकत सांगतांना मला कोणासही दोष देतां येणार नाहीं.

माझे थोरले बंधु पुण्यास राहतात. वहिनी पुष्कळ वर्षें शाळेंत गणित शिकवीत असत. निवृत्त झाल्यावर त्या नववी-दहावीच्या कांहीं मुलांना घरूनच, लॅपटॉपवरून, रविवार खेरीज करून रोज संध्याकाळीं तीन तास शिकवितात. गेल्या पावसाळ्यांत त्या शिकवणीस एकाएकीं दृष्ट लागल्यासारखें झालें. समीकरण अर्ध्यावर यावें आणि पडद्यावरील अक्षर थिजावें; वहिनींचा आवाज तुटक तुटक जावा; मुलांनीं "बाई, ऐकूं येत नाहीं" म्हणून कळवावें. दोन पालकांनीं तर, पुढील महिन्यापासून मुलाला दुसरीकडे पाठवितों, असें सौजन्यानें पण स्पष्टपणें सांगून टाकलें.

यंत्र चार वर्षांचें होतें. बंधूंनीं तें एका दुकानांत नेलें. तेथील गृहस्थानें पडद्याकडे एकदां पाहिलें आणि निकाल दिला, "मेमरी भरली आहे. यंत्र जुनें झालें. नवें घ्या." नव्या यंत्राची किंमत ५५ हजार रुपये. तेवढी रक्कम घरांत होती; पण ती माझ्या पुतण्याच्या कॉलेजच्या प्रवेशासाठीं बाजूस काढून ठेविलेली होती.

आणि संशयही त्या पुतण्यावरच आला. दुपारीं तो त्याच लॅपटॉपवर एक खेळ खेळत असे. मेमरी भरली, तर ती त्याच्या खेळानेंच भरली असली पाहिजे, असें घरांत ठरून गेलें. बंधूंनीं त्यास लॅपटॉपला हात लावण्याची बंदी केली; आणि मी भेटावयास गेलों तेव्हां मींही त्याला चार शब्द सुनावले. तो एवढेंच म्हणाला, "काका, खेळ बंद असतांना तो मेमरी कशी खाईल?" मला तें उत्तर उद्धटपणाचें वाटलें. दोन तासांनीं माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या दिवशीं त्या घरांत बोललें गेलेलें सर्वांत बरोबर वाक्य तेंच होतें.

तें बरोबर कां होतें हें कळण्यासाठीं 'मेमरी भरली' या शब्दांचा अर्थ नीट लाविला पाहिजे. लॅपटॉपमध्यें माहिती ठेवण्याच्या जागा दोन. एक डिस्क. ही पेढीवरील कपाटासारखी. फोटो, पत्रें, पुस्तकें, खेळ येथें पडून असतात, आणि वीज बंद झाली तरी तेथेंच राहतात. दुसरी जागा म्हणजे मेमरी, जिला रॅम असेंही म्हणतात. ही मुनिमाच्या पुढ्यांतील डेस्कासारखी. ज्या कामावर या क्षणीं हात चालू आहे त्याचेच कागद तिच्यावर असावयाचे. कपाटांत शंभर चोपड्या असल्या म्हणून डेस्क भरत नाहीं. न चालविलेला खेळ कपाटांत असतो. डेस्कावर त्याचा कागद नसतो. दुकानांतील 'भरली' हा शब्द ऐकून बंधूंच्या डोळ्यांपुढें कपाट उभें राहिलें, आणि त्यांनीं जुने फोटो व मुलाचे खेळ काढून टाकण्याचा सपाटा लाविला. त्या खटाटोपानें डेस्क तिळभरही मोकळें झालें नाहीं.

हें डेस्क असतें तरी केवढें? वहिनींच्या यंत्रांत ८ जीबी मेमरी होती. असें यंत्र आपली मेमरी ४,०९६ बाईटांच्या पानांनीं मोजतें. त्या हिशेबानें ८ जीबी म्हणजे २०,९७,१५२ पानें झालीं. इंग्लंडांत मँचेस्टर विद्यापीठामध्यें २१ जून १९४८ रोजीं ज्या यंत्रानें स्वतःच्या मेमरींत सांठविलेला प्रोग्राम प्रथम चालविला, त्याची सारी मेमरी १२८ बाईट होती. आपल्या एका पानांत तशा ३२ मेमऱ्या मावतील! इतकी समृद्धि असून ती अपुरी पडते, कारण खर्चही त्या मानानें वाढला आहे; आजच्या ब्राउझरमध्यें उघडलेली एखादी टॅबदेखील शंभर-दोनशें मेगाबाईट सहज घेऊन बसते.

या पानांची वांटणी करण्याचें काम ऑपरेटिंग सिस्टमकडे असतें. पानें संपत आलीं कीं, ती सध्यां न लागणारीं पानें दाबून लहान करते. मॅकमध्यें ही सोय २०१३ सालीं आली, विंडोजमध्यें २०१५ सालीं, विंडोज १० बरोबर. तेवढ्यानें भागलें नाहीं तर ती कांहीं पानें उचलून डिस्कवर, म्हणजे कपाटांत, नेऊन ठेवते, आणि लागतील तेव्हां परत आणते. ही युक्ति बरीच जुनी आहे. मँचेस्टर येथेंच झालेल्या ॲटलस यंत्रांत १९६२ सालीं ती होती. परंतु तिचें मोल वेळानें द्यावें लागतें. मेमरींतील पान हातीं येण्यास एक मिनिट लागतें असें धरलें, तर आजच्या एसएसडी डिस्कवरून तें आणण्यास सोळा-सतरा तास लागतील, आणि जुन्या फिरत्या डिस्कवरून आणावयाचें तर दोन महिन्यांहून अधिक काळ जाईल. साधारणतः असें हें प्रमाण आहे. मेमरी फारच अपुरी पडली म्हणजे यंत्राचा सारा वेळ पानांची ने-आण करण्यांतच जातो आणि मूळ काम तसेंच उभें राहतें. या अवस्थेस थ्रॅशिंग असें नांव आहे. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकानें १९६८ सालीं तिची कारणमीमांसा केली. वहिनींच्या समीकरणाचें अक्षर थिजत होतें तें याच कारणानें.

आतां शोधाच्या रीतीकडे वळूं. पहिला प्रश्न असा विचारावा कीं, मेमरीचा मोठा आंकडा हा खरोखरीचा रोग आहे काय? रिकामी मेमरी ही शिलकी पैशासारखी नसते. आज वापरली नाहीं म्हणून ती उद्यांसाठीं सांठून राहत नाहीं. यासाठीं ऑपरेटिंग सिस्टम रिकाम्या पानांवर नुकत्याच वाचलेल्या फायली ठेवून देते, आणि एखाद्या प्रोग्रामनें जागा मागतांच ती पानें सोडते. यास कॅश म्हणतात, आणि ही काटकसरच आहे. म्हणून लिनक्स वापरणाऱ्यांनीं 'फ्री' या शब्दाखालील लहान आंकडा पाहून घाबरूं नये. 'अव्हेलेबल' या शब्दाखालील आंकडा पाहावा. मॅक वापरणाऱ्यांनीं ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील 'मेमरी प्रेशर'चा आलेख पाहावा. तो हिरवा आहे तोंवर काळजीचें कारण नाहीं. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील 'परफॉर्मन्स' या भागांत 'मेमरी' असें पान आहे. त्या पानावरील 'इन यूज' हा आंकडा कॅश वगळूनच दिलेला असतो. तो मोठा दिसला तर ती मेमरी खरोखर कोणाच्या तरी ताब्यांत आहे असें समजावें.

वहिनींच्या यंत्रावरील सारे प्रोग्राम बंद करून मीं हें पान उघडलें. आंकडा होता ६.९ जीबी. आठांपैकीं जवळजवळ सात, आणि काम तर कांहींच चालू नाहीं! तेव्हां रोग खरा होता.

दुसरा प्रश्न, बेरीज जुळते काय? टास्क मॅनेजरच्या 'प्रोसेसेस' या यादींत प्रत्येक प्रोग्रामपुढें त्यानें घेतलेली मेमरी लिहिलेली असते. मीं पुतण्यास हांक मारली. तो एकेक आंकडा वाचूं लागला आणि मी कागदावर उतरून घेऊं लागलों. अँटिव्हायरस, फायलींच्या प्रती इंटरनेटवर ठेवणारा प्रोग्राम, विंडोजचे स्वतःचे लहानमोठे प्रोग्राम, अशी यादी चालली. मध्येंच त्याच्या खेळाचा एक मदतनीस प्रोग्राम पाठीमागें चालू असलेला सांपडला, तेव्हां मुलाचा चेहरा उतरला. पण त्याच्यापुढें आंकडा होता ४० मेगाबाईट. म्हणजे एका जीबीचा पंचविसावा हिस्साही नव्हे. एकंदर बेरीज भरली २.१ जीबी. ६.९ मधून २.१ गेले, राहिले ४.८. वापरांतील मेमरीपैकीं दोनतृतीयांशाहून अधिक मेमरी यादींतील कोणाच्याच नांवावर नव्हती!

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. ही बेरीज तंतोतंत कधींच जुळत नसते. अनेक प्रोग्राम सामायिक वापरतात तीं पानें, आणि दाबून ठेविलेलीं पानें, यांमुळें थोडा फरक राहावयाचाच. अर्ध्या-पाऊण जीबीचा फरक आढळला तर त्याच्या मागें लागूं नये. परंतु फरक ४.८ जीबींचा असेल तर तो फरक हाच एक पुरावा होय. गुन्हेगार या यादींत नाहीं. यादींतील प्रोग्राम एकामागून एक काढून टाकण्यांत अर्थ नाहीं, असें तो सांगतो. आणि त्या घरांत तर आठ दिवस तेवढाच उद्योग चालला होता.

तिसरा प्रश्न ओघानेंच आला. मग पाहावयाचें राहिलें तें पान कोणतें? तें पान लपलेलें नसतें. टास्क मॅनेजरच्या ज्या पानावर 'इन यूज' हा आंकडा असतो, त्याच पानाच्या तळाशीं लहान अक्षरांत दोन आंकडे असतात. एक 'पेज्ड पूल' आणि दुसरा 'नॉन-पेज्ड पूल'. यंत्राचे निरनिराळे भाग, जसे पडदा, ध्वनि, वायफाय, हे चालविण्यासाठीं ड्रायव्हर नांवाचे छोटे प्रोग्राम असतात. ते ऑपरेटिंग सिस्टमच्या अंतर्भागांत राहून काम करतात, म्हणून प्रोसेसेसच्या यादींत दिसत नाहींत. त्यांना लागणारी मेमरी या दोन पुलांतून, म्हणजे सामायिक गंगाजळींतून, मिळते. पैकीं नॉन-पेज्ड पूलमधील पानें डिस्कवर कधींच नेतां येत नाहींत; कितीही अडचण झाली तरी तीं डेस्कावरच राहावयाचीं. निरोगी लॅपटॉपवर हा आंकडा सामान्यतः कांहीं शें मेगाबाईटांच्या घरांत असतो. वहिनींच्या यंत्रावर तो होता ४.२ जीबी. पेज्ड पूल ०.३. पहिले २.१, त्यांत हे ४.२ आणि ०.३ मिळविले कीं ६.६ होतात. राहिलेले ०.३ जीबी म्हणजे मघाशीं सांगितलेला नेहमींचा फरक. बेरीज जुळली.

एखाद्या ड्रायव्हरमध्यें दोष असेल तर असें होतें. कामासाठीं त्यानें पान मागून घ्यावें आणि काम होतांच परत करावें असा दंडक आहे. घेण्याचा मार्ग बरोबर लिहिला आहे, पण परत करण्याच्या एखाद्या वाटेवर लिहिणाराची चूक झाली आहे, असें असलें तर प्रत्येक वेळीं थोडी थोडी मेमरी अडकून पडते. यास मेमरीची गळती म्हणतात. शेजाऱ्यानें रोज एक वाटी उसनी न्यावी आणि परत करण्यास विसरावें, तसा हा प्रकार. पहिल्या आठवड्यांत कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. महिन्यानें फडताळ रिकामें दिसतें.

पण येथें बंधूंनीं एक शंका काढली, आणि ती योग्य होती. ते म्हणाले, "अरे, आम्ही तर लॅपटॉप रोज रात्रीं बंद करतों. वीज गेली कीं मेमरी पुसली जाते असें तूंच म्हणतोस. मग गळती सांचली कशी?" वीज गेली कीं रॅममधील सारें पुसलें जातें हें खरेंच आहे. रॅमचा प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युद्भार असतो. तो क्षणोक्षणीं पुन्हा भरावा लागतो, आणि वीज थांबली कीं ओसरतो. म्हणून मीं टास्क मॅनेजरमधील 'सीपीयू'चें पान उघडलें. तेथें 'अप टाइम' या नांवाखालीं यंत्र पूर्णपणें नव्यानें सुरू झाल्यास किती काळ लोटला तें लिहिलेलें असतें. आंकडा होता २३ दिवसांचा!

याचें कारण पुष्कळांस ठाऊक नसतें, म्हणून तें सविस्तर सांगतों. २०१२ सालीं विंडोज ८ आलें, तेव्हांपासून यंत्र लवकर सुरू व्हावें यासाठीं 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आहे, आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आपोआप चालू असते. ती चालू असतां 'शट डाउन' केलें कीं आपले प्रोग्राम बंद होतात. परंतु ऑपरेटिंग सिस्टमचा अंतर्भाग आणि ड्रायव्हर यांच्या मेमरीची नक्कल डिस्कवर उतरून ठेविली जाते, आणि सकाळीं तीच परत मेमरींत आणली जाते. म्हणजे रात्रीं डेस्क पुसलें खरें, पण त्यावरील जुने उसनवारीचे कागद जसेच्या तसे जपून ठेवले, आणि सकाळीं पुन्हा मांडले. उलट 'रीस्टार्ट' केलें असतां ही नक्कल वापरली जात नाहीं. सर्व कांहीं नव्यानें सुरू होतें. बंद करणें हें पुन्हा सुरू करण्यापेक्षां अधिक पक्कें, अशी आपली साहजिक समजूत असते. या एका बाबतींत ती उलटी आहे.

मीं रीस्टार्ट केलें. नॉन-पेज्ड पूल ४.२ वरून ०.३ जीबीवर आला. त्या संध्याकाळची शिकवणी निर्वेध पार पडली आणि घरांत सर्वांस हायसें वाटलें. परंतु ही ताप उतरविणारी मात्रा होती. रोगाचें मूळ अद्याप हातीं आलेलें नव्हतें. शिवाय नुसती गळती सांपडली म्हणून पुतण्या निर्दोष ठरत नव्हता. खेळामुळेंच एखादा ड्रायव्हर गळत नसेल कशावरून?

म्हणून चौथा प्रश्न, ही गळती कशानें वाढते? याला प्रयोगाखेरीज उत्तर नाहीं, आणि प्रयोगांत एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची असते. पुतण्यानें वही घातली. पहिल्या दिवशीं त्यानें वायफाय बंद करून तासभर लेखन केलें. आंकडा हलला नाहीं. मग वायफाय बंद ठेवूनच त्यानें तासभर खेळ खेळला. हा प्रयोग त्यानें किती उत्साहानें केला असेल तें सांगावयास नकोच. आंकडा तरीही हलला नाहीं. मग वायफाय चालू करून, खेळ बंद ठेवून, वहिनींची शिकवणी झाली. दर तासास सुमारें ६५ मेगाबाईटांची वाढ! इंटरनेटवर तासभर चित्रफीत पाहिली तेव्हांही वाढ झालीच. म्हणजे गळती खेळाशीं नव्हे, वायफायवरून होणाऱ्या रहदारीशीं बांधलेली होती.

वहिनी गणिताच्या शिक्षिका. त्यांनीं लगेच ताळा करून पाहिला. तासास ६५ प्रमाणें तीन तासांचे १९५ मेगाबाईट. २३ दिवसांतून तीन रविवार वजा जातां राहिले २० दिवस. वीस गुणिले १९५ म्हणजे ३,९०० मेगाबाईट, सुमारें ३.८ जीबी. मूळचे ०.३ त्यांत मिळविले कीं ४.१. प्रत्यक्षांत दिसले होते ४.२. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी शिकवणीच लॅपटॉपची मेमरी खात होती, आणि बोलणीं मात्र मुलाला बसलीं!"

शेवटचा प्रश्न, गुन्हेगाराचें नांव काय? मेमरीच्या पानांची विभागणी पाहण्यासाठीं रॅममॅप नांवाचें एक साधन फुकट मिळतें. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनीं १९९६ सालीं सुरू केलेला आणि २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे असलेला जो सिसइंटर्नल्स नांवाचा साधनसंच आहे, त्यांतील तें एक होय. पण नॉन-पेज्ड पूलमधील नेमका ऋणको शोधावयाचा तर पूलमॉन हें साधन घ्यावें लागतें. ड्रायव्हर लिहिणारांसाठीं मायक्रोसॉफ्ट जो संच देते त्यांत तें असतें. ड्रायव्हर मेमरी मागतो तेव्हां त्या मागणीवर चार अक्षरांची एक खूण घालतो. पूलमॉन या खुणांची यादी दाखवितो. कोणत्या खुणेनें किती वेळां घेतलें, किती वेळां परत केलें, आणि अंगावर बाकी किती. यादी बाकीच्या क्रमानें लावली कीं गळणारी खूण शिरोभागीं येते. ती चार अक्षरें विंडोजच्या ड्रायव्हरांच्या फायलींतून शोधलीं, आणि तीं निघालीं वायफायच्या ड्रायव्हरमध्यें. प्रयोगानें जें सुचविलें होतें त्यास अशी साक्ष मिळाली.

उपाय सोपा होता. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढून ठेविली. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून त्या वायफायचा नवा ड्रायव्हर घेतला. तो बसविला आणि रीस्टार्ट केलें. मग सात दिवस वहींत रोज नोंद केली. नॉन-पेज्ड पूल ०.३ जीबीवरून ढळला नाहीं. खर्च कांहींच आला नाहीं. प्रवेशाचे ५५ हजार रुपये बंधूंच्या खात्यांत होते तसे राहिले.

श्रोतेहो, प्रत्येक घरीं हेंच कारण निघेल असें मी म्हणत नाहीं. पुष्कळदां बेरीज नीट जुळते आणि ब्राउझर हाच मोठा खर्चिक ठरतो. मग न लागणाऱ्या टॅबा बंद कराव्या, आणि ब्राउझरला जोडलेले छोटे जोडप्रोग्राम एकेक काढून पाहावे. यंत्र सुरू होतांच आपोआप उठणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' या भागांत दिसतात. नको असलेले तेथें थांबवावे. ज्यांच्या यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टम आभासी यंत्र म्हणून चालते, त्यांची मेमरीही कधीं कधीं यादींत नीट दिसत नाहीं. तिचा विचार करावा. 'हार्डवेअर रिझर्व्हड' हा आंकडा मोठा असेल, तर पडद्यावरील चित्रें काढणाऱ्या भागानें आपला वांटा आधींच काढून घेतलेला असूं शकतो. अनोळखी नांवाचा प्रोग्राम पुष्कळ मेमरी किंवा सीपीयू घेत असेल, तर अँटिव्हायरसनें तपासणी करावी.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहावें. मेमरी साफ करून देतों अशी जाहिरात करणारे प्रोग्राम मिळतात. ते चालू प्रोग्रामांचीं पानें बळेंच डेस्कावरून हलवितात आणि कॅश रिकामी करतात. आंकडा क्षणभर लहान दिसतो. मग तींच पानें परत आणावीं लागतात आणि यंत्र अधिकच मंदावतें. ड्रायव्हरच्या गळतीवर त्यांचा कांहींच इलाज चालत नाहीं.

बेरीज जुळली, गळती नाहीं, आणि तरीही रोजच्या कामास मेमरी अपुरी पडते असें दिसलें, तर मेमरी वाढविणें हाच योग्य मार्ग होय. मात्र पुष्कळ पातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य पट्टीवर कायमची बसविलेली असते व ती वाढवितां येत नाहीं. तेव्हां पैसे देण्यापूर्वीं तेवढें विचारून घ्यावें. आणि दुकानांत जाण्यापूर्वीं एक कागद बरोबर न्यावा. त्यावर चार आंकडे असावे: एकंदर वापर, प्रोग्रामांची बेरीज, नॉन-पेज्ड पूल, आणि अप टाइम. या चार आंकड्यांपुढें "यंत्र जुनें झालें" एवढेंच उत्तर पुरत नाहीं, आणि चांगल्या दुकानदारालाही त्यांची मदतच होते.

सातव्या दिवशींची नोंद झाल्यावर मीं पुतण्याजवळ माझी चूक कबूल केली. आंकडे न मांडतां मीं त्याला दोष दिला होता, आणि त्याचें सरळ उत्तर मला उद्धट वाटलें होतें, हें त्याच्या आईवडिलांसमोर सांगितलें. बंधूंनींही बंदी उठविली. मुलानें फारसें कांहीं बोलून दाखविलें नाहीं. "काका, ती वही मी चालूच ठेवूं का?" एवढें त्यानें विचारलें. ती वही अजून चालू आहे. दर रविवारीं सकाळीं तो लॅपटॉप रीस्टार्ट करतो, आंकडा लिहितो, आणि वहिनी शिकवणीला बसण्यापूर्वीं तो एकदां पाहून घेतात.